दाभाड्यांच्या घरची सून

मैत्रिणींनो, परदेशातल्या राजघराण्यात साध्या घरातली मुलगी सून म्हणून गेली, की त्याचं केवढं कौतुक होतं! १९५६ साली ग्रेस केली ही अमेरिकन नटी मोनॅकोच्या राजाची राणी झाली. वडील बांधकामाचे ठेकेदार. त्या लग्नाचे फोटो जगभर छापले गेले. २०११ साली केट मिडलटन इंग्लंडच्या राजवाड्यात गेली, तेव्हा तर आपण सगळ्यांनी टीव्हीसमोर बसून तिचा पांढरा झगा पाहिला. अशा गोष्टीत लग्न लागलं की गोष्ट संपते. पुढे त्या मुलीनं ते घर कसं सांभाळलं, काय सोसलं, कुणापुढे वाकली आणि कुणापुढे नाही, हे फारसं कुणी विचारत नाही.

आज मी ज्या सुनेविषयी लिहिणार आहे, तिच्या लग्नाचा थाट कसा होता हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण लग्नानंतरच्या तिच्या आयुष्यानं इतिहासाची पानं भरली आहेत. आणि ती आपल्या मावळातली आहे. लोणावळा लोकलनं जाता-येता तळेगाव स्टेशनची पाटी आपण हजारदा वाचतो. गावाच्या नावापुढचं ‘दाभाडे’ हे ज्या घराण्याचं नाव आहे, त्या घरची ही सून. सरसेनापती उमाबाई दाभाडे.

उमाबाईंचं माहेर नाशिककडचं, कळवण भागातलं अभोणा. तिथल्या ठोके देशमुखांच्या घरात त्यांचा जन्म झाला. देशमुख म्हणजे परगण्याचं वतन सांभाळणारं घर. खाऊनपिऊन सुखी, मानाचं, पण राजवाड्यातलं नव्हे. लग्न झालं तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांशी. खंडेरावांच्या तीन पत्नींत उमाबाई धाकट्या. दाभाडे मूळचे तळेगावचे पाटील, तलवारीच्या बळावर वर चढलेलं घराणं. ११ जानेवारी १७१७ रोजी शाहू महाराजांनी खंडेरावांना सेनापतिपद दिलं आणि तळेगावच्या वाड्याला राजघराण्याच्या तोलाचा मान आला. आजही मावळात लोक ‘दाभाडे राजघराणं’ असंच म्हणतात.

पण सासर कितीही मोठं असलं तरी बाईचा जीव माहेरात थोडासा अडकलेला असतोच. उमाबाईंच्या माहेराजवळ सप्तशृंगीचा गड आहे. त्या काळी देवीपर्यंत चढणं म्हणजे कडा चढणं. उमाबाईंनी १७१० साली त्या कड्याला दगडी पायऱ्या करून घेतल्या, जवळपास पावणेपाचशे. लक्षात घ्या, तेव्हा खंडेराव सेनापतीही झाले नव्हते. वणीच्या देवीला जाणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या त्याच पायऱ्यांवरून, गुडघ्यावर हात ठेवून, देवीचं नाव घेत चढल्या. २०१८ साली गडावर ट्रॉली सुरू झाली. आता पायऱ्या चढायची सक्ती राहिली नाही, तरी नवसाच्या बायका अजून चढतात. पण पायऱ्या कुणी बांधल्या असं विचारलं, तर दहाजणींत एखादीलाच सांगता येतं.

तळेगावच्या वाड्याची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. श्रावण महिन्यात दाभाड्यांकडे विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटायची मोठी प्रथा होती. लांबलांबून माणसं येत. एवढ्या माणसांची उठबस, पानं, पाणी, मानपान म्हणजे घरच्या बायकांवर कामाचा केवढा डोंगर येत असेल, ते आपल्याला सांगायला नको. पुढे ही दक्षिणा पेशव्यांनी पुण्याला नेली आणि पुण्याचा श्रावणमास प्रसिद्ध झाला. इंग्रजांचं राज्य आल्यावर त्याच दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. तिचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं. मराठी पुस्तकं लिहिणाऱ्यांना बक्षिसंही त्याच निधीतून मिळू लागली. आपण वाचतो त्या मराठी पुस्तकांच्या मुळाशी तळेगावच्या वाड्यातली एक जुनी रीत आहे, हे ऐकून बरं वाटतं की नाही?

खंडेरावांचं बरंचसं आयुष्य घोड्यावर गेलं. गुजरात हे त्यांचं मुख्य क्षेत्र. तिथल्या वसुलाचा चौथा हिस्सा, म्हणजे चौथाई, मराठ्यांसाठी गोळा करायची आणि त्यातून फौज पोसायची, हे दाभाड्यांचं काम. गुजरातच्या कामात त्यांचे सरदार होते गायकवाड, पिलाजी आणि नंतर त्यांचा मुलगा दमाजी. हेच गायकवाड पुढे बडोद्याचे राजे झाले. बडोद्याच्या राजवाड्याचं मूळ शोधत गेलं, तर वाट तळेगावात येते.

२७ सप्टेंबर १७२९ रोजी खंडेराव वारले. सेनापतिपद थोरल्या मुलाकडे, त्र्यंबकरावांकडे आलं. आणि इथून उमाबाईंचे दिवस फिरले.

त्या सुमाराला पेशवे होते थोरले बाजीराव. गुजरातच्या मोगल सुभेदाराशी पेशव्यांनी परस्पर करार करून चौथाईचा हक्क आपल्याकडे घेतला. ज्या प्रांतात दाभाड्यांनी इतकी वर्षं घाम गाळला, तिथे दुसऱ्याचा हात आला, असं त्र्यंबकरावांना वाटलं. पेशव्यांची बाजू अशी, की सगळ्या राज्याचा कारभार एका हाती हवा. दोन्ही बाजूंनी हट्ट वाढला. त्र्यंबकराव निजामाशी संधान बांधत आहेत, असंही बाजीरावांच्या कानावर आलं. शेवटी १ एप्रिल १७३१ रोजी गुजरातेत डभईजवळ मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींना भिडल्या. त्र्यंबकराव हत्तीवर बसून लढत होते. बंदुकीची गोळी लागून ते जागच्या जागी गेले. ही गोळी त्यांच्या मामाकडून, म्हणजे उमाबाईंच्या माहेरच्याच माणसाकडून सुटली, असं जुन्या इतिहासलेखनात येतं. हे खरं असेल तर या बाईचं माहेर आणि सासर एकाच क्षणी तुटलं. नवऱ्याला जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. तरणाताठा मुलगा गेला, तोही परक्या शत्रूच्या हातून नव्हे. अशा वेळी बाईनं कुणाला शिव्याशाप द्यायचे आणि कुणाच्या गळ्यात पडून रडायचं?

शाहू महाराजांना हे दुःख कळलं. ते स्वतः तळेगावला उमाबाईंचं सांत्वन करायला आले. त्यांनी बाजीरावांना उमाबाईंपुढे उभं केलं, उमाबाईंच्या हातात तलवार दिली आणि काय तो सूड घे म्हणून सांगितलं, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेत उमाबाई तलवार चालवत नाहीत. प्रसंग जसाच्या तसा घडला असेल-नसेल, पण पुढची वागणूक त्याला साजेशी आहे. उमाबाईंनी सुडापेक्षा घराण्याचं काम उचललं.

महाराजांनी सेनापतिपद दुसऱ्या मुलाला, यशवंतरावांना दिलं. धाकट्या बाबूरावांना सेनाखासखेल केलं. गुजरात दाभाड्यांकडे ठेवला, पण निम्मा वसूल पेशव्यांमार्फत सरकारात भरावा अशी अट घातली. ही ‘निम्म्या’ची अट पुढे उमाबाईंच्या आयुष्यातला काटा झाली. यशवंतराव वयानं लहान होते. म्हणून सनद मुलाच्या नावाची आणि कारभार आईचा, असं सुरू झालं. फौजेचे पगार, सरदारांचे रुसवेफुगवे, वसुलाचे हिशेब, साताऱ्याशी पत्रव्यवहार हे सगळं उमाबाई बघू लागल्या.

वर्षभरात दुसरा घाव बसला. १७३२ साली गुजरातचा नवा सुभेदार, मारवाडचा राजा अभयसिंग, याच्या माणसांनी बोलणी करण्याच्या निमित्तानं येऊन डाकोरला पिलाजी गायकवाडांचा खून केला. बडोदा हातचं गेलं. दाभाड्यांची गुजरातेतली घडी मोडली, असंच सगळ्यांना वाटलं. नवरा नाही, कर्ता मुलगा नाही, भरवशाचा सरदार नाही. अशी विधवा आता देवळात बसून जप करील, असा लोकांचा हिशेब असणार.

उमाबाई फौज घेऊन निघाल्या. सोबत पिलाजींचा तरुण मुलगा दमाजी आणि इतर सरदार. मावळातून गुजरातपर्यंतची मजल मारून त्या थेट अहमदाबादेवर गेल्या. लढाई झाली आणि अभयसिंगाला तहाला यावं लागलं. चौथाई आणि सरदेशमुखी मान्य करावी लागली. हे १७३२-३३ चं. १७३४ मध्ये बडोदाही परत आलं आणि ते पुढे कायम गायकवाडांकडे राहिलं. या पराक्रमावर खूश होऊन शाहू महाराजांनी उमाबाईंना पायात घालायला सोन्याचे तोडे दिले, असं सांगतात. ज्या काळात विधवेच्या अंगावरचे दागिने उतरवले जात, त्या काळात हा मान! मराठ्यांच्या इतिहासात सरसेनापती म्हणून ओळखली जाणारी ही एकच बाई.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं. मी बचत गटांच्या कामानिमित्त मावळातल्या गावांत फिरते. १९९३ च्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत बायकांना जागा मिळाल्या. आता महाराष्ट्रात निम्म्या जागा बायकांच्या आहेत. चांगलं काम करणाऱ्या सरपंच मी पाहिल्या आहेत. पण अशीही गावं आहेत, जिथे पाटीवर नाव बाईचं असतं आणि खुर्चीत तिचा नवरा बसतो. ती फक्त सही करते, आणि सही कशावर केली हे तिला ठाऊक नसतं. उमाबाईंचं नेमकं उलटं होतं. नाव मुलाचं होतं, शिक्का मुलाचा होता आणि घोडदौड आईची होती. पावणेतीनशे-तीनशे वर्षांपूर्वी या तालुक्यातली एक बाई बिनाखुर्चीचं काम करत होती. आज कायद्यानं आपल्याला खुर्ची दिलीय. आता कामही आपणच करायला नको का?

पुढची काही वर्षं तशी निभावली. पण आईचं सगळं चालतं, एक सोडून. मुलाला आपल्यासारखं करणं तिच्या हातात नसतं. यशवंतराव मोठे झाले, पण व्यसनाच्या आहारी गेले. सेनापतीची जबाबदारी त्यांना पेलली नाही. गुजरातेत दमाजी गायकवाडांचं वजन वाढत गेलं. वाडा तळेगावात होता, सत्ता हळूहळू बडोद्याकडे सरकत होती. उमाबाईंना हे दिसत नसेल असं नाही. पण घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडता येत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि आताही आहे.

१५ डिसेंबर १७४९ ला शाहू महाराज गेले. उमाबाईंच्या डोक्यावरचं छत्र गेलं. पेशवेपदावर आता बाजीरावांचे पुत्र नानासाहेब होते. पेशव्यांवर कर्जाचा बोजा होता, फौजेला पैसा हवा होता. त्यांनी गुजरातच्या निम्म्या हिश्श्याची मागणी लावून धरली. इतकी वर्षं अट कागदावर होती, वसूल कुणी सक्तीनं केला नव्हता. उमाबाईंनी आधी वकील पाठवला. त्यानं भागलं नाही, तेव्हा त्या स्वतः भेटीला गेल्या. २२ नोव्हेंबर १७५० रोजी आळंदीला उमाबाई आणि नानासाहेब समोरासमोर बसले. ती अट आमच्यावर लादलेली होती, घरातला कर्ता मुलगा गमावलेल्या घराकडून ती लिहून घेतली होती, तेव्हा ती आता सोडून द्यावी, असा उमाबाईंच्या म्हणण्याचा रोख होता. नानासाहेबांनी मानलं नाही. ज्यांच्या वडिलांशी लढताना आपला मुलगा गेला, त्यांच्यापुढे बसून हक्काची बोलणी करायची, आणि नकार घेऊन इंद्रायणीकाठानं परत फिरायचं! त्या दिवशी आळंदीहून तळेगावचा रस्ता उमाबाईंना किती लांब वाटला असेल.

साताऱ्यात आणखी एक म्हातारी बाई पेशव्यांवर रागावून बसली होती. राजाराम महाराजांची राणी ताराबाई, वय पंच्याहत्तर. आळंदीच्या भेटीनंतर दोनच दिवसांनी ताराबाईंनी छत्रपती रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं आणि पेशव्यांविरुद्ध उभ्या राहिल्या. उमाबाईंनी त्यांना साथ द्यायचं ठरवलं. दमाजी गायकवाड पंधरा हजारांची फौज घेऊन गुजरातेतून निघाले. सुरुवातीला पेशव्यांच्या माणसांना त्यांनी हरवलंही. पण मोहिमेवर असलेले नानासाहेब तातडीनं परतले. साताऱ्याजवळ वेण्णेच्या काठी दमाजी कोंडीत सापडले. बोलणी चालू असतानाच ३० एप्रिल १७५१ रोजी त्यांच्या छावणीवर अचानक हल्ला झाला आणि ते पकडले गेले.

मग पेशव्यांचे लोक तळेगावला आले. उमाबाई आणि दाभाड्यांचं कुटुंब कैद झालं. आधी पुण्यात ठेवलं आणि १७५१ च्या नोव्हेंबरात लोहगडावर नेलं. लोहगड आपल्याला नवा नाही. मळवलीला उतरायचं, भाज्यावरून चालत वर जायचं, पावसाळ्यात मुलांना घेऊन भिजायचं, विंचूकाट्यावर फोटो काढायचे. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले, त्यांत आपला लोहगडही आहे. त्याच गडावर, थंडीच्या तोंडाशी, अंगात वय शिरलेली ही बाई कैदी म्हणून चढली. जिनं दुसऱ्या एका डोंगरावर भाविकांच्या पायांसाठी पायऱ्या बांधल्या होत्या, तिला या डोंगराच्या पायऱ्या पहाऱ्यात चढाव्या लागल्या. तळेगाव तिथून चालत एका दिवसाच्या अंतरावर, पण तिच्यासाठी ते आता गुजरातइतकं लांब होतं.

सुरुवातीला दमाजींची भूमिका अशी होती, की आपण दाभाड्यांचे चाकर, गुजरात द्यायचा अधिकार आपला नाही, उमाबाईंचा आहे. म्हणजे कैदेत असतानाही सगळी गाठ या बाईच्या होकारापाशी अडली होती. पण कैद माणसाला झिजवते. १७५२ च्या मार्चमध्ये दमाजींनी पेशव्यांशी करार केला. निम्मा गुजरात पेशव्यांना आणि निम्मा स्वतः गायकवाडांना. दाभाड्यांचा त्यात वाटा उरला नाही. दाभाड्यांना पोटापाण्यापुरती नेमणूक देण्याचं ठरलं. ज्या मुलाला सोबत घेऊन उमाबाई अहमदाबादेवर गेल्या होत्या, तोच बाजूला झाला. दमाजींना तरी किती दोष द्यायचा? तेही कैदेतच होते आणि त्यांना आपलं घर वाचवायचं होतं. पण उमाबाईंच्या बाजूनं पाहिलं, की पोटात तुटतं.

२८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुण्यात उमाबाई वारल्या. त्यांची समाधी तळेगावात बनेश्वराच्या मंदिरापाशी आहे.

यश-अपयशाचा हिशेब मांडायचा, तर उमाबाई शेवटी हरल्या. गुजरात गेला, सेनापतिपदाची शान गेली. पेशवे चूक की दाभाडे चूक, याचा निवाडा इतिहासकार करोत. मला त्यांची गोष्ट मोलाची वाटते ती वेगळ्या कारणासाठी. नवरा गेल्यावर त्या खचून घरात बसल्या नाहीत. मुलगा गेल्यावर त्यांनी सुडात घर जाळलं नाही. वकिलानं काम झालं नाही, तेव्हा त्या स्वतः जाऊन बोलल्या. आणि हक्क सोडायचा नाही म्हटल्यावर उतारवयात गडाच्या पायऱ्या चढून कैदही पत्करली. आपल्याकडे जमिनीच्या सात-बाऱ्यावर नाव लावून घ्यायचं म्हटलं, की एखादी विधवा दिराच्या भीतीनं गप्प बसते. कशाला वाईटपणा, असं सगळेच तिला सांगतात. अशा बाईला मी उमाबाईंची आळंदीची भेट सांगते. हक्क मिळेलच असं नाही, पण मागायला समोर जाऊन बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

आपण मावळातल्या बायका एकवीरेला जातो, आळंदीला जातो, देहूला जातो. आता वाट थोडी वाकडी करा आणि तळेगावात बनेश्वरापाशीही जा. लेकीसुनांना बरोबर न्या. समाधीवर एक फूल ठेवा. लेकीनं विचारलं, ही कोण, तर उत्तर आता आपल्याकडे आहे.